तक्ता कोणासाठी टांगलेला असतो?

१/ पुण्या-हैदराबादेच्या कार्यालयांत आज एक फळा हमखास आढळतो. तीन उभे रकाने: ‘करायचे’, ‘चालू’, ‘झाले’. त्यांत रंगीत चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीवर एक काम. फळा कोठे भिंतीवर असतो, कोठे संगणकाच्या पडद्यावर. बँकेची नवी प्रणाली उभारायची असो वा नवी मोटार बाजारात आणायची असो, शेकडो माणसांचे काम या चिठ्ठ्या डावीकडून उजवीकडे सरकवून चालवता येते, अशी त्यामागची श्रद्धा आहे.

२/ ही श्रद्धा अगदीच खोटी नाही. मात्र या फळ्याच्या पूर्वजांचा शोध घेऊ गेल्यास एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. तक्त्यांनी भरलेल्या भिंतीने एके ठिकाणी कामाची खरी अवस्था उघडी केली, तर दुसऱ्या ठिकाणी तीच अवस्था मोठ्या देखण्या रीतीने झाकली. आणि काम दोन्ही ठिकाणी तडीस गेले! म्हणजे नुसत्या यशावरून तक्त्याची परीक्षा होत नाही. हा धागा त्या दोन भिंतींविषयी आहे, आणि त्यांच्या मधल्या काळात जन्मलेल्या एका कागदी चिठ्ठीविषयी.

३/ आरंभ थोडक्यात. पोलंडचा अभियंता कारोल आदामिएत्स्की याने १८९६ मध्ये ‘हार्मोनोग्राम’ नावाचा तक्ता योजला. कागदाच्या पट्ट्या सरकवून कोणते काम कोणासाठी अडले आहे, हे त्यावर दिसे. त्याचे लेखन पोलिश आणि रशियन भाषांत राहिले, म्हणून श्रेय गेले अमेरिकेच्या हेन्री गँटकडे. पहिल्या महायुद्धात शस्त्रागारे आणि जहाजबांधणी यांसाठी गँटचे आडव्या रेघांचे तक्ते वापरले गेले. एक रेघ ठरलेल्या कामाची, दुसरी झालेल्या कामाची.

४/ गँटविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. यंत्र रिकामे उभे असेल तर ते का रिकामे आहे, हेही त्याच्या पद्धतीच्या तक्त्यांवर नोंदवले जाई: माल नाही, माणूस नाही, कामच नाही. आणि रिकाम्या यंत्राचा खर्च ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे, असे त्याचे ठाम मत होते. मजुराच्या आळसावर बोट ठेवणाऱ्या त्या काळात हा तक्ता वरच्या खुर्चीकडे बोट दाखवीत होता. गँट १९१९ मध्ये वारला. पुढे जगाने त्याच्या रेघा घेतल्या. ते बोट मात्र बहुतेकांनी सोयीस्करपणे विसरून टाकले.

५/ आता पहिली भिंत. स्थळ वॉशिंग्टन. समुद्रातून अण्वस्त्रवाही क्षेपणास्त्र सोडता यावे, यासाठी अमेरिकी नौदलाने १९५५ मध्ये ‘स्पेशल प्रोजेक्ट्स ऑफिस’ हे वेगळे कार्यालय उघडले. प्रमुख होते रिअर ॲडमिरल विल्यम रेबॉर्न. प्रकल्पाचे नाव पुढे ‘पोलारिस’ झाले. घन इंधन, पाण्याखालून उड्डाण, समुद्रात फिरणाऱ्या नौकेला स्वतःचे नेमके ठिकाण कळणे: यांपैकी एकही गोष्ट तयार नव्हती. त्यातच ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत स्पुत्निक आकाशात गेला आणि मुदत आणखी अलीकडे ओढली गेली.

६/ रेबॉर्न यांच्या कार्यालयात एक खास खोली होती, ‘व्यवस्थापन केंद्र’. भिंतींवर रंगीत तक्ते आणि दर आठवड्याला आढावा. १९५८ मध्ये यात ‘पर्ट’ या नव्या पद्धतीची भर पडली. संपूर्ण प्रकल्प घटनांच्या जाळ्यासारखा मांडायचा; प्रत्येक टप्प्यासाठी तीन अंदाज घ्यायचे (सारे सुरळीत झाले तर किती वेळ, बहुधा किती, आणि सारेच बिनसले तर किती) आणि मग संगणकाने सर्वांत लांब वाट शोधून काढायची. त्या वाटेवर उशीर झाला की सगळ्यालाच उशीर. नौदलासोबत बूझ ॲलन हॅमिल्टन ही सल्लागार कंपनी आणि क्षेपणास्त्र बनवणारी लॉकहीड यांनी ही पद्धत घडवली.

७/ २० जुलै १९६० रोजी ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या पाणबुडीने फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ पाण्याखालून पोलारिस यशस्वीपणे सोडले. मूळ वेळापत्रकाच्या कितीतरी आधी! कौतुक झाले ते अर्थातच पर्टचे. १९६२ मध्ये अमेरिकेचे संरक्षण खाते आणि नासा यांनी पर्टची खर्चासह आवृत्ती काढली. मोठे सरकारी कंत्राट हवे असेल तर जाळ्याचा तक्ता जोडणे क्रमप्राप्त झाले. तक्ते शिकवणाऱ्यांचा एक नवा धंदाच उभा राहिला.

८/ दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, हार्वे सापोल्स्की या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने पोलारिसचा इतिहास प्रसिद्ध केला. नौदलाच्या अधिकाऱ्यांशी आणि कंत्राटदारांशी बोलून, कागदपत्रे चाळून तो ज्या निष्कर्षाला आला, त्याने व्यवस्थापनशास्त्राच्या जगात खळबळ उडायला हवी होती. (फारशी उडाली नाही.) पोलारिसच्या यशात पर्टचा वाटा नगण्य होता. तांत्रिक विभागांतील बरेच लोक तो वापरतच नव्हते. खरे निर्णय त्या भिंतीपासून दूर होत होते.

९/ मग ती भिंत होती तरी कशासाठी? सापोल्स्कीचे उत्तर असे: पाहुण्यांसाठी. काँग्रेसचे सदस्य, संरक्षण खात्यातले लेखापरीक्षक, नौदलातलेच मत्सरी विभाग, जो कोणी विचारपूस करायला येई त्याला त्या खोलीत नेले जाई. रंगीत तक्ते, संगणकाची भाषा आणि आत्मविश्वासाने बोलणारे अधिकारी पाहून पाहुण्याची खात्री पटे, की येथे सारे काही ताब्यात आहे. तो निघून जाई, आणि अभियंते आपल्या कामाला लागत.

१०/ तडजोडी कोठे झाल्या ते पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. नवी पाणबुडी मुळापासून बांधायला वेळ नव्हता. म्हणून बांधणीत असलेली एक हल्ला-पाणबुडी मध्येच कापून, तिच्या पोटात क्षेपणास्त्रांचा सुमारे १३० फुटांचा भाग घातला गेला. पहिल्या पोलारिसचा पल्ला १५०० सागरी मैल हवा होता. त्याहून कमी पल्ल्यावर समाधान मानून ते वेळेत तैनात केले गेले आणि सुधारित आवृत्ती मागाहून आणली. ‘काय सोडायचे’ हा निर्णय कोणत्याही जाळ्याने सुचवला नव्हता. तो माणसांनी, धोका पत्करून घेतला होता.

११/ याला लबाडी म्हणावे का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. रेबॉर्न यांच्या भिंतीने काम करणाऱ्यांना लुडबुडीपासून वाचवले, आणि शांतता ही मोठ्या प्रकल्पाची फार मोलाची गरज असते. खरा घोटाळा पुढे झाला. ज्यांनी पोलारिसचे अनुकरण केले त्यांनी भिंत उचलली, शांतता नाही. अनेक ठिकाणी तक्ता भरणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसले आणि ते करणारी माणसे मूळ कामापासून तुटली. आजही ज्या कार्यालयात आढाव्याच्या आदल्या संध्याकाळी फळ्यावरच्या चिठ्ठ्या घाईघाईने उजवीकडे सरकतात, तेथे वॉशिंग्टनच्या त्या खोलीचाच वारसा चालू असतो.

१२/ दुसरी भिंत पाहण्याआधी जपानातल्या एका कारखान्याच्या जमिनीवर उतरावे लागते. १९४९-५० मध्ये टोयोटा बुडण्याच्या बेतात होती. विकल्या न गेलेल्या गाड्या, थकलेली कर्जे, दीर्घ संप, कामगारकपात. संस्थापक किइचिरो तोयोदा यांनी १९५० मध्ये अध्यक्षपद सोडले. जास्तीचे बनवून ठेवले की काय होते, हे त्या कंपनीने पुस्तकात वाचले नव्हते, भोगले होते. पुढची सारी कथा या भीतीतून उगवली आहे.

१३/ तेथे ताइइची ओनो हा अधिकारी यंत्रशाळा सांभाळीत होता. त्याला छळणारी गोष्ट अशी: महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सुटे भाग जमत राहायचे, आणि मग उरलेल्या दिवसांत जुळणी विभाग ऊर फुटेस्तोवर गाड्या जोडायचा. प्रत्येक विभाग आपापल्या आकड्यांत हुशार. कारखाना मात्र एकूण हिशेबात मूर्ख. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याची ही रीत तिकडच्या कारखान्यांत नित्याचीच होती, आणि इकडे मार्चअखेर पाहिलेल्यांना ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

१४/ ओनोला वाट सुचली ती अमेरिकी सुपरमार्केटच्या वर्णनावरून. गिऱ्हाईक हवे तेवढेच फळीवरून उचलते, आणि दुकानदार रिकामी झालेली जागा तेवढीच भरतो. म्हणजे मागणी पुढून मागे जाते. ओनोने ही गोष्ट १९५३ मध्ये यंत्रशाळेत लागू केली. अमेरिकेतली सुपरमार्केटे त्याने प्रत्यक्ष पाहिली ती त्यानंतर, १९५६ च्या दौऱ्यात. तो गेला होता मोटार कारखाने पाहायला. मनात भरली ती किराण्याची दुकाने!

१५/ फळीची जागा कारखान्यात एका चिठ्ठीने घेतली. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला आयताकृती कागद; त्यावर कोणता भाग, किती, कोठून, कोठे. पुढच्या विभागाने भाग उचलला की चिठ्ठी सुटते आणि मागे जाते. ती पोहोचली तरच मागच्याने तेवढेच नवे बनवायचे. या चिठ्ठीला म्हणत ‘कानबान’. जपानीत हा शब्द दुकानावरच्या पाटीसाठी आहे. मराठीत ‘पाटी’ दुकानावरही असते आणि पोराच्या हातातही, पुन्हा पुन्हा पुसून लिहिण्यासाठी. ओनोची चिठ्ठी या दुसऱ्या पाटीच्या अधिक जवळची: तीच ती, फिरून फिरून वापरात येणारी.

१६/ आता मुद्द्याची गोष्ट. आज कानबान म्हटले की ‘काम दिसते’ असे सांगितले जाते. ओनोच्या नियमांत मात्र भर वेगळ्याच गोष्टीवर आहे. चिठ्ठी नसेल तर बनवायचे नाही. चिठ्ठी नसेल तर हलवायचे नाही. सदोष भाग पुढे पाठवायचा नाही. हे सगळे नकार आहेत. कारखान्यात किती चिठ्ठ्या फिरतात तेवढेच काम एका वेळी अंगावर घेता येते. एकही चिठ्ठी जास्त नाही. ही चिठ्ठी माहितीचा तक्ता कमी आणि मनाईहुकूम अधिक होती.

१७/ आणि पद्धत नीट चालू लागली की ओनो काय करी? काही चिठ्ठ्या काढून घेई. साठा कमी झाला की कोठेतरी ओढाताण सुरू होई: एखादे यंत्र वारंवार बिघडते, एखाद्या कामाची जुळवाजुळव फार वेळ खाते. नदीचे पाणी उतरले की तळाचे खडक उघडे पडावेत तसे. मग तो खडक फोडायचा आणि पुन्हा पाणी उतरवायचे. अशा माणसाला लोकप्रियता मिळत नसते. बराच काळ लोक या प्रकाराला टोयोटाची नव्हे, ‘ओनोची पद्धत’ म्हणत. एइजी तोयोदा पाठीशी नसते तर ती टिकली असती की नाही, शंकाच आहे. संपूर्ण कंपनीत ती रुजायला दहा वर्षे लागली.

१८/ चिठ्ठीच्या जोडीला डोक्यावर दिव्यांची पाटी आली, ‘आंदोन’. अडचण दिसताच कामगाराने दोरी ओढायची. त्याच्या जागेचा दिवा लागतो, मुकादम धावत येतो, आणि अडचण तेवढ्यात सुटली नाही तर जुळणीची रांग थांबते. कारखान्यात रांग थांबवणे म्हणजे क्षणाक्षणाला पैसा जळणे. तो अधिकार सर्वांत खालच्या माणसाच्या हाती देणे, ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती. दिवा कोणीही विकत आणून टांगू शकतो. दोरी ओढणाऱ्यावर कोणी ओरडणार नाही, याची हमी विकत मिळत नाही.

१९/ अर्थात टोयोटाचे हे चित्र गुलाबी रंगवून चालणार नाही. सातोशी कामाता हा पत्रकार १९७२ मध्ये हंगामी कामगार म्हणून टोयोटाच्या कारखान्यात शिरला आणि सहा महिने राबला. १९७३ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच ‘निराशा’ हा शब्द आहे. रांगेचा वाढत जाणारा वेग, थकून झोपी जाणारी माणसे, अपघात. जेथे फालतू काहीच उरू द्यायचे नाही, तेथे माणसाचा श्वास घेण्याचा क्षणही ‘फालतू’ ठरू शकतो. पुरवठादारांनीही तक्रार केली, की टोयोटाचा साठा नाहीसा झाला नाही, तो फक्त आमच्या गोदामांत आला. यांपैकी कोणतीच टीका चिठ्ठीवर लिहिलेली नसते.

२०/ आणि साठाच नसल्याची दुसरी किंमत दिसली १ फेब्रुवारी १९९७ रोजी. कारिया येथील आइसिन सेइकी या पुरवठादाराच्या कारखान्याला पहाटे आग लागली. ब्रेकमध्ये बसणारी एक छोटी झडप टोयोटाला जवळजवळ संपूर्णपणे तेथूनच मिळत असे. काही दिवसांतच टोयोटाचे जपानमधले कारखाने ओस पडले. मग डझनावारी पुरवठादारांनी, अगदी शिवणयंत्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ब्रदर कंपनीनेसुद्धा, आपापली यंत्रे जुळवून ती झडप बनवायला घेतली आणि आठवडाभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. टोयोटाने यातून साठे भरून ठेवण्याचा धडा घेतला नाही. तो घ्यायला हवा होता का, यावर अभ्यासकांत आजही दोन मते आहेत.

२१/ आता दुसरी भिंत. चिठ्ठी सुट्या भागांसाठी ठीक. पण जे अजून अस्तित्वातच नाही, असे मोठे काम कसे चालवायचे? १९९३ मध्ये टोयोटाने एकविसाव्या शतकाची मोटार घडवण्याचे ठरवले. सांकेतिक नाव ‘जी-२१’. पुढे प्रमुख अभियंता म्हणून ताकेशी उचियामादा यांची नेमणूक झाली. या पदाचा त्यांना अनुभव नव्हता. इंजिन, विद्युत यंत्रणा, बॅटरी या सगळ्यांतले निर्णय एकट्याने घेण्याइतके आपल्याला कळत नाही, हे त्यांनी मनोमन मान्य केले, आणि त्या कबुलीतून एक खोली जन्माला आली.

२२/ तिला म्हणतात ‘ओबेया’, म्हणजे निव्वळ ‘मोठी खोली’. नावात कसलाही डौल नाही. वेगवेगळ्या विभागांचे जाणकार तेथे एकत्र जमत. भिंतींवर वेळापत्रक, आराखडे, खर्च, आणि न सुटलेल्या अडचणी. प्रमुख अभियंत्याने विभागाविभागांत फेऱ्या मारण्याऐवजी सारे विभाग एका भिंतीसमोर उभे राहत. बॅटरीवाल्याची अडचण इंजिनवाला उभ्या उभ्या ऐके. तेथल्या तेथे वाद होई, तेथल्या तेथे निर्णय.

२३/ संमिश्र इंजिनाचे सुमारे ८० पर्याय तपासून एक निवडण्यात आला. नोव्हेंबर १९९५ मध्ये पहिली चाचणी-गाडी तयार झाली आणि ती हललीच नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, ४९ दिवस! त्याच सुमारास कंपनीचे नवे अध्यक्ष हिरोशी ओकुदा यांनी मुदत मागे ढकलण्याऐवजी अलीकडे आणली. वॉशिंग्टनच्या खोलीत अशा ४९ दिवसांचे काय झाले असते? पाहुण्यांसमोर ते दिसले नसते. नागोयाजवळच्या खोलीत ते लपवायचे कोणापासून, हाच प्रश्न होता. कारण तेथे उभा असलेला प्रत्येक जण ती गाडी हलवण्याच्या कामाचा भाग होता. ‘प्रियस’ डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीला आली, क्योतो शहरात हवामान-परिषद भरली त्याच महिन्यात.

२४/ दोन्ही खोल्यांत भिंतींवर तक्ते होते, ठरलेल्या बैठका होत्या, डोक्यावर अशक्यप्राय मुदत होती. तरी एकीत लोक उत्तर द्यायला येत, दुसरीत विचारायला. एवढा भेद तक्त्याच्या छायाचित्रावरून कळत नाही. म्हणूनच जपानचा दौरा करून परतणाऱ्यांच्या कॅमेऱ्यात भिंत येते आणि पद्धत येत नाही.

२५/ या कथेचा पुढचा दुवा भारतात आहे. २००४ साल. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत वापरातील सुमारे ८० सॉफ्टवेअरांची देखभाल करणारा छोटासा चमू हैदराबादेत बसत असे: तीन प्रोग्रामर, तीन तपासनीस, एक स्थानिक व्यवस्थापक. कंपनीत त्यांची ख्याती वाईट होती. एखादी किरकोळ दुरुस्ती मागितली तर हाती यायला पाच-पाच महिने. द्रागोस दुमित्रिउ या नव्या व्यवस्थापकाने ही जबाबदारी घेतली आणि डेव्हिड अँडरसन या सहकाऱ्याचा सल्ला मागितला.

२६/ दोघांना आढळले ते असे. प्रत्येक नव्या मागणीवर ‘किती वेळ लागेल’ याचा अंदाज आधी द्यावा लागे, तोही तातडीने, हातातले काम बाजूला सारून. चमूच्या ताकदीचा निदान तिसरा हिस्सा या अंदाजांतच खर्ची पडे. ज्यांचे अंदाज काढले त्यांतल्या कितीतरी मागण्या पुढे हातीच घेतल्या जात नसत! हैदराबादची माणसे मंद नव्हती. त्यांना दिवसभर भविष्य सांगायला बसवले होते आणि मग काम का होत नाही म्हणून त्यांनाच जाब विचारला जात होता. समुद्रापलीकडून रात्री-अपरात्री असे जाब ऐकलेल्या मराठी तरुणांची संख्याही काही थोडी नसेल.

२७/ उपाय अगदी साधा निघाला. अंदाज बंद. एका वेळी मोजकीच कामे आत घ्यायची. एक संपले की रिकाम्या जागेत कोणते घालायचे एवढेच मागणी करणाऱ्या विभागांच्या प्रमुखांनी आपसांत ठरवायचे. यामुळे भांडणाची जागा बदलली. पूर्वी सगळे विभाग मिळून चमूशी भांडत. आता जागा एक आणि उमेदवार चार, तेव्हा ते एकमेकांना पटवू लागले. माणसे तीच, कौशल्य तेच. पुढे तपासनीसांतला एक जण प्रोग्रामरांकडे सरकवला गेला. वर्ष-सव्वा वर्षात साचलेली कामे संपली आणि पाच महिन्यांची प्रतीक्षा काही आठवड्यांवर आली.

२८/ गंमत अशी, की या चमूकडे भिंतीवरचा फळाच नव्हता. चिठ्ठ्याही नव्हत्या. जे काही होते ते नोंदींच्या एका सॉफ्टवेअरमध्ये. रंगीत चिठ्ठ्यांची ती भिंत अँडरसन यांच्या पुढच्या मुक्कामी, कॉर्बिस या छायाचित्रांच्या कंपनीत, २००६-०७ च्या सुमारास आली. म्हणजे या घराण्यात मर्यादा आधी जन्मली, फळा नंतर.

२९/ अँडरसन यांनी आपल्या पुस्तकात एक आठवण सांगितली आहे. २००५ च्या वसंतात ते कुटुंबासह तोक्योच्या राजवाड्याच्या बागेत गेले. चेरी फुलली होती, गर्दी होती. दाराशी प्रत्येकाला एक कार्ड मिळाले. प्रवेश तर मोफत, मग कार्ड कशाला? बाहेर पडताना ते परत घेतले गेले तेव्हा उलगडा झाला: जेवढी कार्डे तेवढीच माणसे आत. कार्डे संपली की नव्याने येणाऱ्याने बाहेर थांबायचे, कोणी परत येईपर्यंत. बागेत फुलांखाली निवांत बसता येते, ते दाराशी कोणीतरी थांबलेले असते म्हणून.

३०/ त्यानंतरचा इतिहास वेगाने घडला. २०११ मध्ये ‘ट्रेलो’ आले आणि चिठ्ठ्यांची भिंत फुकटात प्रत्येकाच्या पडद्यावर पोहोचली. २०१७ मध्ये ‘जिरा’ बनवणाऱ्या ॲटलासियन कंपनीने ते ४२.५ कोटी डॉलरना विकत घेतले. आता फळा एका चमूपुरता राहिला नाही. मोठ्या कंपन्या आपले सारे उपक्रम एकाच फळ्यावर मांडू लागल्या: नवी बाजारपेठ, नवा कारखाना, जुनी प्रणाली मोडणे, नवी आणणे. येथे एकेक चिठ्ठी म्हणजे दोनशे माणसांची दोन वर्षे.

३१/ आणि येथेच जुने दुखणे उफाळते. सुट्या भागाची चिठ्ठी नाकारणे सोपे. संचालकाच्या लाडक्या उपक्रमाची चिठ्ठी ‘चालू’च्या रकान्यात चिकटवू नका, असे कोण म्हणणार? मग तो रकाना फुगत जातो. चाळीस उपक्रम चालू, दोन पूर्ण. तीच ती अनुभवी माणसे सात-सात चिठ्ठ्यांवर नावाने हजर आणि प्रत्यक्षात एकीवरही पूर्ण वेळ नाहीत. फळा अतिशय सुंदर दिसतो. पाहुण्यांना आवर्जून दाखवला जातो.

३२/ जिरामध्ये रकान्याला कमाल मर्यादा घालण्याची सोय आहे. ती ऐच्छिक आहे. कोणी मुद्दाम घातली तरच लागू होते. मर्यादा पाच असताना सहावी चिठ्ठी आणली, तर रकाना लाल होतो. चिठ्ठी मात्र आत जाते.